माशाला स्वमग्नता होते का?

स्वमग्नतेवर औषध सापडल्याची बातमी आली, की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत ती तासाभरात पोहोचते. मथळा मोठा असतो. तळाशी कुठेतरी एक ओळ असते, की हा प्रयोग झेब्रा माशांवर झाला. ती ओळ फार जण वाचत नाहीत आणि वाचणाऱ्यांपैकी काहींना ती चेष्टाच वाटते. दीड इंचाचा मासा. त्याला बोलता येत नाही, बोटाने चंद्र दाखवता येत नाही, तो आईच्या डोळ्यांत पाहत नाही. त्याच्यावरून आपल्या मुलाबद्दल काय कळणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे खरे उत्तर मथळ्याइतके मोठे नाही, पण उपयोगाचे आहे.

हा विषय आता काढण्याचे कारण म्हणजे स्वमग्नतेची कारणे आणि औषधे सध्या पत्रकार परिषदांत जाहीर होऊ लागली आहेत. २२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातील पॅरासिटामॉल हे कारण आणि ल्युकोव्होरिन हे औषध असे एका दमात सांगून टाकले. जागतिक आरोग्य संघटनेने लगोलग खुलासा केला, की पॅरासिटामॉलबाबतचा पुरावा एकसारखा नाही. स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्यात सख्ख्या भावंडांची एकमेकांशी तुलना केल्यावर हा संबंध उरला नव्हता. इतके असूनही ओपीडीत 'मी तापाची गोळी घेतली होती' म्हणून रडणाऱ्या आया येतातच. अपराधीपणा पसरायला पुरावा लागत नाही. घाईच्या या बाजारात माशांवरचे काम कसे चालते, कुठे चुकते आणि चूक कशी सापडते, हे पाहण्यासारखे आहे.

झेब्रा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील ओढे, डबकी आणि भातखाचरे ही त्याची वस्ती. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांवरच्या ग्रंथात त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. पुढे तो काचेच्या पेट्यांतून जगभर गेला. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत बसवले, आणि त्यांचा १९८१ मधील शोधनिबंध या शाखेचा पाया मानला जातो. १९९६ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीतील ट्यूबिंगेन आणि अमेरिकेतील बॉस्टन येथील गटांनी हजारो माशांमधील जनुकीय बिघाडांची यादी एकाच नियतकालिकात ३७ निबंधांतून मांडली. तेव्हापासून उंदराच्या शेजारी माशालाही कायमची जागा मिळाली.

त्याची सोय कशात आहे? मादी एका वेळी शे-दोनशे अंडी घालते. अंडे बाहेरच फलित होते आणि गर्भ पारदर्शक असतो. एका दिवसात शरीराचा आराखडा दिसू लागतो, हृदय धडधडू लागते आणि पाचव्या दिवशी पिल्लू शिकार करते. पाच दिवसांच्या पिल्लाच्या मेंदूत सुमारे एक लाख चेतापेशी असतात, आणि जिवंत पिल्लाच्या मेंदूतील बहुतेक पेशी काम करताना सूक्ष्मदर्शकाखाली एकाच वेळी पाहता येतात. उंदरात हे शक्य नाही, माणसात तर नाहीच. २०१३ मध्ये माशाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे निदान एक तरी नातलग जनुक माशात असल्याचे दिसले. म्हणजे नाते दूरचे असले तरी घराणे एकच.

तरीही शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच आहे. माणसात स्वमग्नतेचे निदान रक्ततपासणीने किंवा एमआरआयने होत नाही. मूल हाकेला वळते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, खेळात दुसऱ्याला ओढते का, तेच ते करत राहते का, हे पाहून आणि आईवडिलांशी बोलून ते होते. यातले काहीच माशात तपासता येत नाही. त्यामुळे 'स्वमग्न मासा' हा शब्दप्रयोग सोयीचा असला तरी फसवा आहे. प्रयोगशाळेत होते ते एवढेच: स्वमग्न मुलांमध्ये बिघडलेले आढळलेले एखादे जनुक माशात बिघडवायचे आणि माशाच्या शरीरात नेमके काय बदलते ते पाहायचे. अशी जनुके थोडीथोडकी नाहीत. २०२० मध्ये सुमारे ३५ हजार लोकांच्या जनुकीय माहितीवरून १०२ जनुकांची यादी निघाली. शिवाय बहुसंख्य स्वमग्न मुलांमध्ये एकच एक जनुक दोषी सापडत नाही, ही गोष्ट माशांच्या बातमीत कधीच नसते.

या पद्धतीची ताकद आणि दुबळेपणा दोन्ही एकाच गोष्टीत दिसतात, म्हणून ती सविस्तर सांगायला हवी. सोळाव्या गुणसूत्रावर १६पी११.२ नावाचा एक छोटा तुकडा आहे. त्यात २९ जनुके आहेत. काही मुलांमध्ये हा तुकडा गहाळ असतो, काहींमध्ये तो दुप्पट असतो. दोन्ही प्रकारांत स्वमग्नतेची शक्यता वाढते. गंमत अशी, की तुकडा गहाळ असला तर डोक्याचा घेर मोठा असण्याकडे कल असतो आणि दुप्पट असला तर लहान. २९ पैकी नेमके कोणते जनुक हे करते? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये माशाच्या गर्भात यातले एकेक जनुक वाढवून पाहिले. फक्त एकाने, केसीटीडी१३ ने, डोके लहान झाले. तेच जनुक दाबले तर डोके मोठे झाले. मुलांमध्ये दिसणारा उलटसुलटपणा माशात हुबेहूब उतरला. 'नेचर'मध्ये निबंध आला आणि हे जनुक प्रसिद्ध झाले.

पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच 'नेचर'मध्ये टेक्सासच्या गटाचा निबंध आला. त्यांनी हे जनुक दाबले नाही, कायमचे काढून टाकले. उंदरातही आणि माशातही. मेंदूचा आकार वाढला नाही. उंदराच्या चेतापेशींमधला संवाद मात्र मंदावलेला दिसला आणि त्यामागची एक रासायनिक साखळीही सापडली. म्हणजे जनुक निरुपद्रवी नव्हते, पण ज्या कारणासाठी ते प्रसिद्ध झाले ते कारण टिकले नाही.

मग पहिल्यांनी खोटे लिहिले होते का? तसे मुळीच नाही. फरक हत्याराचा होता. पूर्वी माशातले जनुक बंद करायला मॉर्फोलिनो नावाचे कृत्रिम रेणू अंड्यात टोचत. काम झटपट होई, पण त्या रेणूमुळे भलत्याच पेशींनाही इजा होई आणि ती इजा जनुकाच्या खात्यावर लिहिली जाई. २०१५ मध्ये एका गटाने अशा जुन्या निष्कर्षांची पडताळणी केली. मॉर्फोलिनोने दिसलेले सुमारे ८० टक्के दोष, जनुक खरोखर काढून टाकलेल्या माशांत दिसलेच नाहीत. वाचणाऱ्याला वाटेल, झाले, सगळे मोडीत निघाले. पण त्याच वर्षी जर्मनीतील एका गटाने उलट बाजूही दाखवली: जनुक कायमचे काढले तर मासा कधीकधी दुसरी नातलग जनुके वाढवून ती उणीव भरून काढतो. घरातला कर्ता गेला की धाकटे भाऊ उभे राहतात, तसे. त्यामुळे 'काही दिसले नाही' यावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. स्वमग्नतेवरील माशांचे २०१५ पूर्वीचे निबंध वाचताना हा इतिहास माहीत असायला हवा. बातमी देणाऱ्यांना तो बहुधा नसतो.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र मेंदूत नाही, आतड्यात सापडली. स्वमग्न मुलांच्या आया वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत, की पोट साफ होत नाही, चार-चार दिवस संडास होत नाही, मग मूल रात्रभर किंचाळते. याची दखल फार उशिरा घेतली गेली. खाण्याचे नखरे, हट्ट, 'वागणुकीची समस्या' अशी लेबले लागली. २०१४ मध्ये सीएचडी८ या जनुकात बिघाड असलेल्या १५ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात डोक्याचा मोठा घेर आणि बद्धकोष्ठतेसारख्या पोटाच्या तक्रारी वारंवार दिसल्या. संशोधकांनी माशात हेच जनुक बिघडवले. माशाचे डोके रुंदावले आणि आतड्यातील चेतापेशी कमी झाल्या, त्यामुळे अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावला. येथे मासा पारदर्शक असण्याचा फायदा झाला. अन्न कुठे पोहोचले ते डोळ्यांनी दिसते.

२०१९ मध्ये मायामी विद्यापीठातून शँक३ या जनुकाबद्दल असेच निष्कर्ष आले. हे जनुक बाविसाव्या गुणसूत्रावर आहे. ते गहाळ झाले तर फेलन-मॅकडर्मिड सिंड्रोम होतो: मूल ढिले पडते, बोलणे येत नाही किंवा फार कमी येते, आणि पोटाचा त्रास बराच असतो. माशात या जनुकाच्या दोन प्रती आहेत. दोन्ही काढल्यावर पिल्लांच्या आतड्याची हालचाल संथ झाली आणि आतड्याच्या अस्तरातील सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी घटल्या. मुलाचे पोट आणि मुलाचा मेंदू एकाच जनुकाने बिघडू शकतात, हे यातून स्पष्ट झाले. बद्धकोष्ठता ही स्वमग्नतेचा 'परिणाम' किंवा आईच्या स्वयंपाकाचा दोष नसून काही मुलांमध्ये ती त्याच मूळ बिघाडाची दुसरी फांदी आहे.

याचा दवाखान्यातला अर्थ सरळ आहे. न बोलणारे मूल अचानक डोके आपटू लागले, चावू लागले किंवा झोपेतून उठून रडू लागले, तर शांत करणारे औषध लिहिण्याआधी त्याचे पोट तपासावे. दात पाहावेत, कान पाहावेत. संडास किती दिवसांनी होतो, कडक होतो का, रक्त जाते का, हे आईला विचारावे. साध्या रेचकाने ज्या मुलाची 'आक्रमकता' निम्म्यावर येते अशी मुले दुर्मीळ नाहीत. सरकारी ओपीडीच्या गर्दीत एका मुलाला मिळणाऱ्या चार मिनिटांत हे प्रश्न गळतात आणि रिस्पेरिडोन लिहिले जाते. हा दोष माशाचाही नाही आणि जनुकाचाही नाही.

औषधांकडे वळले, की पाय जपून टाकावा लागतो. २०१६ मध्ये येल विद्यापीठाच्या गटाने सीएनटीएनएपी२ हे जनुक काढलेले मासे तयार केले. या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेली मुले प्रथम अमेरिकेतील आमिश समाजात आढळली होती, त्यांना अपस्मारही होता. हे मासे रात्री शांत न बसता पोहत राहिले आणि झटके आणणाऱ्या रसायनाला लवकर बळी पडले. स्वमग्न मुलांच्या पालकांना रात्रीची ही अस्वस्थता ओळखीची वाटेल. मग शेकडो ज्ञात रसायनांचा माशांच्या वागण्यावर होणारा परिणाम तपासून, बिघडलेल्या माशांच्या वागण्याच्या नेमका उलट परिणाम कशाचा होतो ते शोधले. उत्तर आले इस्ट्रोजेनसारखी द्रव्ये. त्यातले बायोकॅनिन ए हे वनस्पतिजन्य द्रव्य पाण्यात मिसळल्यावर बिघडलेले मासे रात्री शांत झाले. बायोकॅनिन ए हरभऱ्यातही असते. पण म्हणून कुणी मुलाला भिजवलेल्या हरभऱ्यांचा रतीब सुरू करू नये. पाण्यात बुडालेल्या पिल्लाला मिळणारी मात्रा आणि माणसाच्या पचनातून मेंदूपर्यंत पोहोचणारी मात्रा यांचा काही मेळ नाही. वाढत्या मुलांना इस्ट्रोजेनसारखी द्रव्ये देणे तर धोक्याचे. या निबंधाचे खरे मोल औषधात नसून पद्धतीत आहे: शेकडो रसायने जिवंत प्राण्यावर थोड्या काळात चाळता आली. २०२३ मध्ये त्याच गटाने स्वमग्नतेशी जोडलेली १० वेगवेगळी जनुके माशांत एकेक बिघडवून पाहिली. प्रत्येकाचा परिणाम वेगळा होता, तरी काही धागे सामाईक निघाले. डोपामिनची यंत्रणा हा एक, मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी हा दुसरा.

मासे कळपाने राहतात, त्यामुळे सामाजिक वागणूकही तपासता येते. साधारण तीन आठवड्यांचे झाल्यावर पिल्लू दुसऱ्या माशाकडे ओढले जाते. २०२३ मध्ये पोर्तुगालच्या गटाने 'सायन्स'मध्ये दाखवले, की शेजारचा मासा घाबरला तर पाहणारा मासाही घाबरून थिजतो, आणि ऑक्सिटोसिनची यंत्रणा नसलेल्या माशांत ही सहवेदना दिसत नाही. ऑक्सिटोसिन दिले की ती परत येते. कुणालाही वाटेल, चला, औषध मिळाले. पण हा निबंध येण्याआधीच माणसांतले उत्तर आले होते. २०२१ मध्ये ३ ते १७ वयोगटातील २९० स्वमग्न मुलांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. २४ आठवडे रोज नाकात ऑक्सिटोसिन दिले गेले. पाण्याचा फवारा मारलेल्या मुलांपेक्षा त्यांच्या सामाजिक वागणुकीत फरक पडला नाही. माशातले निरीक्षण त्यामुळे चूक ठरत नाही. भीती जाणवणे आणि वर्गात मित्र जोडणे या दोन गोष्टींमध्ये कित्येक कोटी वर्षांची उत्क्रांती आहे, इतकेच.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणात घेतल्यास बाळाला स्वमग्नतेचा धोका वाढतो, हे माशाने नव्हे तर माणसांच्या नोंदींनी दाखवले. डेन्मार्कमधील २०१३ च्या अभ्यासात हा धोका ४.४२ टक्के होता. ते औषध न घेतलेल्या मातांच्या मुलांत तो १.५३ टक्के होता. प्रयोगशाळेत आता माशांची अंडी व्हॅल्प्रोएटमध्ये ठेवून हे कसे घडते ते शोधतात. ज्या तरुण मुलींना हे औषध सुरू आहे त्यांनी ते स्वतःहून बंद करू नये, झटका जिवावर बेतू शकतो. पण लग्न ठरल्यावर किंवा मूल हवे असे ठरल्यावर, दिवस जाण्याआधी, मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून पर्यायी औषधाचा विचार व्हायलाच हवा. हे बोलणे आपल्याकडे सहसा तिसऱ्या महिन्यात होते.

माशापासून बाजारापर्यंतची उडी सर्वांत धोकादायक. 'प्राण्यांवरील प्रयोगांत सिद्ध' हे तीन शब्द छापलेल्या पत्रकांवर शहरांतील काही केंद्रे स्वमग्न मुलांना स्टेम सेलची इंजेक्शने देत आली आहेत. एकेका फेरीसाठी कुटुंबे दागिने मोडतात, शेत गहाण टाकतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्ये सांगितले, की स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही आणि त्याची जाहिरात हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. मासा असो वा उंदीर, एखाद्या प्रयोगाने उपचार 'सिद्ध' होत नाही. पुढे काय तपासावे एवढे ठरते. पत्रक दाखवणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: माणसांवरील तुलनात्मक चाचणी कुठे छापून आली?

मग आपल्याकडे या संशोधनाचा उपयोग काय? देशातील पाच भागांत, त्यात उत्तर गोवाही होता, २ ते ९ वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात सुमारे एक येते. यातल्या काही मुलांची आता जनुकीय चाचणी होते. बहुतेकांचा अहवाल कोराच येतो. काहींच्या अहवालात मात्र एक त्रासदायक वाक्य असते: बदल सापडला, पण त्याचा अर्थ अनिश्चित. भारतीय मुलांमध्ये हे जास्त घडते, कारण जगातील जनुकीय माहितीचे साठे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. आपल्याकडे नेहमी आढळणारा निरुपद्रवी बदल तिथल्या यादीत नसला, की तो संशयित ठरतो. जानेवारी २०२५ मध्ये खुल्या झालेल्या जीनोम इंडिया प्रकल्पातील सुमारे दहा हजार भारतीयांच्या माहितीमुळे ही अडचण काहीशी कमी होईल.

उरलेल्या संशयितांसाठी मासा कामाचा आहे. मुलात सापडलेला नेमका बदल माशाच्या गर्भात उतरवायचा आणि तो खरोखर काही बिघडवतो का, हे काही आठवड्यांत पाहायचे. ज्या देशाच्या ओढ्यांतून हा मासा जगात गेला, तिथे ही सोय अपरिचित नाही. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने २००९ मध्येच रानटी झेब्रा माशाचा जनुकसंच वाचला. हैदराबादची सीसीएमबी, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, बेंगळुरूची एनसीबीएस इथे हे मासे आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत जखमी हृदय पुन्हा कसे वाढते हे त्यांच्यावरच अभ्यासले जाते. अडचण आहे ती रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांच्यातल्या अंतराची. जिल्हा रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञाच्या हातात आलेला अनिश्चित अहवाल या संस्थांपर्यंत पोहोचण्याची रुळलेली वाट नाही.

अशा अहवालाचा अर्थ कालांतराने बदलतो. आज अनिश्चित असलेला बदल पुढे निर्दोष किंवा दोषी ठरू शकतो, आणि दोषी ठरला तर पुढच्या बाळंतपणाआधी जनुकीय सल्ला घेता येतो. म्हणून पालकांनी अहवालाची मूळ प्रत फाइलमध्ये जपून ठेवावी, तिचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा आणि दोन-तीन वर्षांनी ती डॉक्टरांकडून पुन्हा वाचून घ्यावी.